चौतिसावा गोळा

पत्र मोठ्याने वाचता वाचता लाइल स्कारने मधलं एक वाक्य गाळलं. गाळायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. डोळ्यांनी ते वाक्य पाहिलं, आणि जीभ आपली आपणच पुढच्या ओळीवर जाऊन बसली. समोर अर्लिस कॉफीच्या मगाभोवती दोन्ही हात धरून ऐकत होती. गेल्या दोन वर्षांत तिच्या नजरेच्या मधोमध एक करडा डाग बसला होता. कडेकडेचं तिला दिसायचं, मधलं नाही. त्यामुळे लाइलकडे बघायचं झालं की ती त्याच्या कानाच्या पलीकडे, खिडकीजवळ टांगलेल्या कॅलेंडरकडे बघायची आणि तिथून त्याचा चेहरा पकडायची. आत्ताही ती कॅलेंडरकडेच बघत होती. म्हणजे माझ्याकडे, लाइलने मनात म्हटलं, आणि उरलेलं पत्र जरा घाईने संपवलं.

पत्र रेनाटाचं होतं, सकाळीच लाइलच्या ई-मेलवर आलेलं. रेनाटा व्हियासेन्योर, गावातल्या त्यांच्याच जुन्या ऑफिसातली संशोधक. चाळिशीची, हुशार, आणि म्हाताऱ्यांशी बोलताना आवाज न चढवणारी, म्हणून अर्लिसची विशेष लाडकी. तिने लिहिलं होतं की दक्षिण ध्रुवाच्या बर्फात आपण जे काचेचे गोळे सोडले, त्यांतल्या एका तारेवरच्या दोन गोळ्यांचा हिशेब लागत नाही. तेहेतिसावा गोळा त्याने बघावं त्याहून जास्त बघतो, चौतिसावा कमी. दोघांची अदलाबदल झाली आहे असं धरलं, की सगळं जिथल्या तिथे बसतं. जानेवारी २००८ मधलं काम. यादीवर गॉर्डी कुबिचेकच्या खुणा आहेत आणि खाली तुमची सही. त्या दिवशी भोकाच्या तोंडाशी जे होते त्यांतले आता फक्त तुम्हीच आहात. आमचं दुरुस्तीचं टिपण आज संध्याकाळी पाच वाजता सगळीकडे जाईल. काही आठवत असलं तर त्याआधी फोन करा.

लाइलने गाळलेलं वाक्य असं होतं: "नावं वाचून दाखवताना गॉर्डीकडून गल्लत झाली असावी, असं आम्ही लिहीत आहोत."

"अदलाबदल?" अर्लिस म्हणाली. "काहीतरीच. आमच्या हॉलमध्ये बांधलेला एक गोळासुद्धा चुकीच्या जागी गेलेला नाही. तू फोन कर आणि त्या पोरीला सांग, तुझं गणित तपास म्हणावं."

"करतो."

"आत्ता कर."

"फावडं मारून येतो आधी. रात्री पडलंय ढीगभर."

"अंगणातला बर्फ कुठे पळून चाललाय?" ती म्हणाली. पण तो टोपी शोधत होता, आणि टोपी शोधणाऱ्या लाइलशी बोलण्यात अर्थ नसतो हे तिला बेचाळीस वर्षांच्या संसाराने शिकवलं होतं.

त्याने अंगणातला बर्फ उपसला. शेजाऱ्यांचाही उपसला. मग फावडं भिंतीला टेकवून तो सरळ रस्त्याने खाली, मोनोना तळ्याकडे चालू लागला. फेब्रुवारीतलं तळं फुटपाथसारखं टणक झालं होतं. बर्फात भोक पाडून मासे धरणाऱ्यांच्या खोपट्या जागोजागी उभ्या होत्या आणि त्यांच्या धुराड्यांतून बारीक धूर निघत होता. कोणीतरी हात केला, त्यानेही केला. बर्फावर पाय ठेवला की लाइलला नेहमी बरं वाटायचं. आज वाटलं नाही. आपण काय केलंय हे त्याला सतरा वर्षं माहीत होतं, पण इतकी वर्षं ती गोष्ट एखाद्या जुन्या कोटाच्या खिशातल्या किल्लीसारखी पडून होती. आज कोणीतरी त्या किल्लीचं कुलूप घेऊन दारात उभं राहिलं होतं.

मुळात तो नळजोडणीचा माणूस. पाइप, झडपा, बॉयलर. ध्रुवावर गरम पाण्याने भोकं पाडायची आहेत, माणसं पाहिजेत, असं कळलं तेव्हा अर्लिसनेच त्याचं नाव दिलं होतं. ती तेव्हा स्टाउटनच्या हॉलमध्ये गोळे बांधायची. काचेच्या दोन वाट्या, आत उजेड टिपणारा मोठा डोळा, त्याभोवती पारदर्शक जेल, आणि मग दोन्ही वाट्या मिटून हवा काढून घ्यायची. बांधलेला प्रत्येक गोळा अंधाऱ्या, गारठलेल्या खोलीत तीन आठवडे ठेवायचा आणि त्याला किती दिसतं ते मोजायचं. अर्लिस त्या खोलीची राणी होती. तिच्या हाताखालच्या पोरी म्हणायच्या की ही बाई अंधारात माणसं ओळखते. जेमतेम दोन फूट रुंद भोकांतून अडीच किलोमीटर खाली हे गोळे सोडायचे, एका तारेवर साठ, आणि भोक गोठलं की संपलं. ते पुन्हा कधी वर यायचे नाहीत. तिथे काळोखात बसून त्यांनी वाट बघायची. आकाशाच्या कुठल्यातरी टोकाच्या उलथापालथीतून न्यूट्रिनो नावाचे कण येतात, ते कशालाच अडत नाहीत, माणसातून, डोंगरातून, अख्ख्या पृथ्वीतून आरपार जातात. कोट्यवधींतला एखादा बर्फाच्या एखाद्या कणावर आपटतो, आणि तेवढ्यापुरता निळसर उजेड होतो. तो या गोळ्यांनी पाहायचा. कुठल्या गोळ्याला आधी दिसला, कुठल्याला नंतर, यावरून तो कण आकाशातून कुठून आला ते काढायचं. एक गोळा जरी दुसऱ्याच्या जागी बसला, तरी पत्ता केसभर सरकतो, आणि आकाशात केसभर म्हणजे भलत्याच घरी. हे लाइलला कुणी शिकवलं नव्हतं. अर्लिसने स्वयंपाकघरात बटाटे सोलता सोलता सांगितलं होतं, आणि वर म्हणाली होती, "म्हणजे तुमचं माशांचंच आहे रे. भोक पाडायचं, गळ सोडायचा, आणि जन्मभर बसायचं."

तो हसला होता. कारण त्यांचं जमलंच मुळी एका भोकाशी. केगोन्सा तळ्यावरची त्याची खोपटी, उलटी घातलेली बादली, थर्मास. त्याने तिला बोलावलं होतं, आणि दिवसभर काही म्हणजे काही लागलं नव्हतं. लाजेने तो तोंडातून शब्द काढत नव्हता. तीही बसून राहिली, पाय आपटत, नाक लाल, पण घरी सोड म्हणाली नाही. संध्याकाळी उठताना तिनेच विचारलं होतं, उद्या किती वाजता? ते आठवलं की त्याला अजूनही छातीत काहीतरी ऊबदार हलल्यासारखं व्हायचं. काहीही न लागलेल्या दिवसावर इतकं सगळं उभं राहिलं, याचं त्याला नवल वाटायचं.

हॉलमध्ये प्रत्येक गोळ्याला नाव द्यायचे. नुसत्या आकड्याने कोणी हाक मारायचं नाही. एका आठवड्यात चीजची नावं, एका आठवड्यात नद्यांची, कुणाच्या कुत्र्यांची. अर्लिसचा हजारावा गोळा मिटला तेव्हा पोरींनी त्याला तिचंच नाव दिलं आणि केक कापला. तो आठवडा माशांचा होता. तेव्हा पाइक, पर्च, मस्की, ब्लूगिल यांच्या खोक्यांत एक खोकं 'अर्लिस' असं लिहून ध्रुवाकडे निघालं. हॉलच्या भिंतीवर बर्फाचा एक उभा नकाशा लावलेला होता. वरपासून खालपर्यंत निळा, फक्त मध्ये एक काळपट पट्टा. साठ-पासष्ट हजार वर्षांपूर्वी तिथे धूळ पडली होती, ती तशीच दाबून गोठली. त्या पट्ट्यात उजेड चालत नाही. अर्लिस एकदा त्या पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाली होती, "इथे जो बसेल तो बिचारा. जन्मभर आंधळी कोशिंबीर."

हे वाक्य लाइलच्या डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं हे त्याला जानेवारीत, भोकाच्या तोंडाशीच कळलं. वरच्या तंबूत वाफ भरलेली, भोक हळूहळू मिटत चाललेलं, हातात फार तर आठ-दहा तास. गॉर्डी टेबलाशी यादी घेऊन उभा. गॉर्डीची एक रीत होती. तो आकडा आणि नाव मोठ्याने वाचायचा, गोळा अडकवणाऱ्याने तेच परत म्हणायचं, आणि परत म्हटल्याशिवाय तो पेन्सिल टेकवायचा नाही. घाई असो, कोणाचे हात गोठलेले असोत, गॉर्डी ऐकल्याशिवाय खूण करायचा नाही. गावात पत्ते खेळतानासुद्धा तो समोरच्याकडून डाव वदवून घ्यायचा. त्यावरून सगळे त्याची टर उडवायचे, आणि त्याच्याकडे यादी असली की सगळे निर्धास्त असायचे.

"तेहेतीस, ब्लूगिल," गॉर्डी म्हणाला होता.

लाइलने बाकावर पाहिलं. ब्लूगिल, आणि त्याच्या पुढे चौतिसाव्या जागेसाठी अर्लिस. तेहेतीसपर्यंत स्वच्छ बर्फ. चौतीसपासून धूळ. त्याने तो गोळा पाहिला, काचेत मिटलेलं ते जेल, तिनेच ओतलेलं. एक बुडबुडा येऊ नये म्हणून श्वास रोखून ती ते कसं ओतते, हे त्याने शंभरदा पाहिलं होतं. आणि त्याला वाटलं, हे कायमचं आहे. मी मरेन, ती मरेल, आणि तिच्या नावाचं हे काहीतरी त्या मळक्या अंधारात बसून राहील, काही न दिसता. दहा सेकंद लागली असतील. त्याने अर्लिस उचलला, तारेला अडकवला, आणि ओठांनी म्हणाला, "तेहेतीस, ब्लूगिल." गॉर्डीने खूण केली. मग चौतीस. दोन शेजारी गोळे एकाच वायरीवर बोलायचे, त्यामुळे वरून तपासलं तेव्हा दोघांनीही हाकेला ओ दिली आणि कोणाला काही कळलं नाही.

घरी गेल्यावर तो तिला हे सांगणार होता. विमानतळावर ती तीन महिन्यांनी भेटत होती. त्याची दाढी, सोललेलं नाक, काही न बघता तिने पहिला प्रश्न विचारला, "माझे गोळे नीट गेले?" आणि तिच्या चेहऱ्यावर अशी काही काळजी होती, की लाइलला एकदम उमगलं, आपण भेट म्हणून जे आणलंय ते हिच्या दृष्टीने चोरी आहे. "यादीप्रमाणे," तो म्हणाला. ती हसली आणि मग त्याला मिठी मारली. ते 'यादीप्रमाणे' सतरा वर्षं त्याच्या घशात होतं.

बर्फावर उभ्या उभ्या त्याचे पाय गारठले. फोन करून 'सगळं यादीप्रमाणे होतं' म्हटलं तर रेनाटाचं दोन वर्षांचं काम लटकेल. 'आठवत नाही' म्हटलं तर टिपण जसंच्या तसं जाईल, आणि गॉर्डी, जो जन्मात एक नाव चुकीचं वाचला नाही, तो चुकलेला माणूस म्हणून कायमचा कागदावर बसेल. गॉर्डी चार वर्षांपूर्वी गेला. त्याची बायको लव्हॉन दर शुक्रवारी यांच्याबरोबर हॉटेलात मासे खायला यायची. आज शुक्रवार होता. तिच्यासमोर बसून कोबीचा कोलस्लॉ पुढे सरकवायचा, आणि तिला विचारायचं, लिंबू हवंय का? आणि खरं सांगितलं तर अर्लिसला कळेल. या म्हातारपणी, जेव्हा तिला रोज एकेक गोष्ट दिसेनाशी होतेय, तेव्हा जे एकच तिला स्वच्छ दिसतंय, तिचं काम, त्यालाच मी डाग लावायचा? प्रेमाने केलं म्हणून काय झालं? तो स्वतःवर चिडला, मग खोपटीतल्या एका माणसाने कॉफी विचारली त्याच्यावर चिडला, आणि वळून घराकडे निघाला.

अर्लिस तिथेच बसली होती. समोर वाटाण्यांचा डबा, आणि डोळे असल्यासारख्या बोटांनी ती खराब दाणे वेचत होती.

"फोन केलास?"

"नाही." त्याने टोपी काढली. "मी केलं ते, अर्लिस."

"काय?"

"अदलाबदल. गॉर्डी बरोबर वाचत होता. मी तोंडाने एक म्हटलं आणि हाताने दुसराच अडकवला. चौतिसावा तुझा होता. धुळीतला. मला नाही बघवलं."

तिची बोटं थांबली. कॅलेंडरकडेही तिने पाहिलं नाही. लाइल ओळखून होता, तिला खरा राग आला की आधी असं होतं.

"मूर्खा," ती शेवटी म्हणाली. "अरे मूर्खा. तो गोळा तिथे का होता माहीत आहे तुला? मी मागून घेतली होती ती जागा. अख्ख्या खेपेत सगळ्यांत तेज डोळा होता त्याचा. धुळीत तेजच लागतो. थोडं दिसतं तिथे, तर ज्याला जास्त दिसतं त्याला बसवायचं असतं. आणि तू काय केलंस? त्याला वर नेऊन बसवलंस उजेडात, आणि खाली धाडलंस कोणाला, तर ब्लूगिलला!"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! पाच हजार गोळे मिटले आम्ही. माझ्या बोटांची कातडी गेली. एक नाव इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. आणि माझ्याच घरातला माणूस!" तिने डब्यात मूठभर दाणे आपटले, चांगले आणि खराब एकत्र. मग एकाएकी आवाज खाली आणून म्हणाली, "ते वाक्य काय होतं?"

"कुठलं?"

"सकाळी पत्रात. 'खाली तुमची सही' म्हणालास आणि मग श्वास घेतलास. तिथे एक वाक्य कमी होतं. मला दिसत नाही, लाइल. ऐकायला येतं."

त्याने सांगितलं. गॉर्डीचं नाव ऐकल्यावर ती उठलीच. टेबलाच्या कडेने हात फिरवत फोनपाशी गेली, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "लाव. आणि आवाज मोठा ठेव."

रेनाटाने पहिल्याच घंटेला उचलला. "मिस्टर स्कार! मी वाटच बघत होते."

"मी बोलतेय," अर्लिस म्हणाली. "हा शेजारी उभा आहे. लिहून घे, पोरी. वाचणाऱ्याची चूक नाही. गॉर्डी बरोबर वाचत होता. अडकवणाऱ्याने उलट अडकवले. अडकवणारा लाइल स्कार. तेहेतीसला अर्लिस, चौतीसला ब्लूगिल. गॉर्डीचं नाव पुसलंस का?"

"पुसते... पुसलं." पलीकडे कळफलक वाजला. मग रेनाटा जरा अडखळली. "म्हणजे माझं बरोबर होतं. देवा! दोन वर्षं सगळे मला सांगताहेत की तुझ्या डोक्यात अदलाबदल झालीय. मिस्टर स्कार, एक विचारू? इथे कारणाचा रकाना आहे. काय लिहू?"

लाइलने अर्लिसकडे पाहिलं. ती कॅलेंडरकडे बघत होती.

"बायकोच्या नावाचा होता तो," तो म्हणाला. "म्हणून."

पलीकडे कळफलक एकदा वाजला आणि थांबला.

"हे मला रकान्यात लिहिता येणार नाही हो," रेनाटा हळूच म्हणाली.

"'घरगुती' लिही," अर्लिस म्हणाली. "आणि मला सांग, तो ब्लूगिल अजून चालू आहे का?"

"चालू आहे की. सतरा वर्षांत एक दिवस बंद पडला नाही. बाकीच्यांपेक्षा कमी बघतो, तेही धुळीत. पण बघतो. मागच्या महिन्यातल्या मोठ्या कणाचा उजेड त्याच्यापर्यंत पोचला होता, अगदी शेवटी, पुसटसा. त्यामुळेच तर दिशा पक्की झाली."

"आणि अर्लिस?"

"तुम्ही?" रेनाटा हसली. "तुम्ही तर आजूबाजूच्या सगळ्यांपेक्षा जास्त बघता, मिसेस स्कार. आम्हाला वाटायचं आमचंच काहीतरी चुकतंय, इतकं."

अर्लिसने फोन ठेवला. खुर्ची चाचपून बसली. लाइलला वाटलं आता ती पुन्हा सुरू करेल, आणि तिने करावं अशीच त्याची इच्छा होती. पण ती वाटाणे पुन्हा वेगळे करू लागली.

"तपासणीत तो नापास होणार होता," ती म्हणाली. "ब्लूगिल. जेमतेम दिसायचं त्याला. सगळे म्हणाले, मोडून टाक. मी आणखी तीन आठवडे ठेवला अंधारात. मंद होता, पण हलत नव्हता जागचा. मग काठावर पास केला आणि नाव दिलं."

"माशांचा आठवडा होता."

"माशांचा आठवडा मीच काढला होता, त्या नावासाठी. केगोन्सावर पहिल्या दिवशी काय लागलं होतं आठवतं?"

"काही नाही लागलं."

"काही नाही म्हणे! एक लागला होता. तळहाताएवढा ब्लूगिल. तू त्याच्याकडे असं बघितलंस जसं काही त्यानेच तुला पकडलंय, आणि हळूच भोकात सोडून दिलास. मला दाखवलासुद्धा नाहीस, लाजलास. मी पाहिलं होतं. तेव्हा मला सगळंच दिसायचं." तिने एक दाणा बोटांत फिरवला आणि चांगल्यांत टाकला. "त्याला मी स्वच्छ बर्फात बसवलं होतं रे. आरामात बसू दे म्हणून. त्याच्या खाली मी."

लाइल उभाच होता. सतरा वर्षं ज्या दहा सेकंदांबद्दल तो आपल्यालाच पटवत आला होता की आपण तिला धुळीतून वर काढलं, त्याच दहा सेकंदांत तिच्या जागी कोण खाली गेलं हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. दिसत नाही म्हणून काय झालं, ऐकायला येतं, हे आठवून तो नाक न ओढता तसाच राहिला.

"वाच आता पत्र," ती म्हणाली. "सगळं."

त्याने वाचलं. ते वाक्य आलं तेव्हा थांबला नाही. वाचून झाल्यावर ती म्हणाली, "लव्हॉनला कोण सांगणार?"

"मी."

"मासे यायच्या आधी सांग. नाहीतर मला घास जायचा नाही. आणि माझा राग गेलाय असं समजू नकोस."

"नाही समजत."

साडेचार वाजता त्याने तिला कोट घातला, मफलर गुंडाळला, दार उघडलं. सकाळी उपसलेल्या पायऱ्यांवर पुन्हा पातळ बर्फ धरला होता. तीन पायऱ्या होत्या. तिची नजर गेल्यापासून त्यांवरून तो तिला मोजून उतरवायचा. तो आकडा म्हणायचा, ती परत म्हणायची, आणि परत म्हटल्याशिवाय तो तिला पाय टाकू द्यायचा नाही. कोणाची रीत आहे ही, हे दोघांनाही माहीत होतं. तिने त्याच्या कोपरात हात अडकवला.

"एक," लाइल म्हणाला.

"एक."

"दोन."

ती थांबली. तोंड किंचित वळवून तिने त्याच्या कानाच्या पलीकडे, तळ्याच्या दिशेला पाहिलं, त्याचा चेहरा नीट सापडेपर्यंत.

"दोन, ब्लूगिल," ती म्हणाली आणि पाय खाली ठेवला.